बारावीचे गुण पात्रतेपुरतेच का?

संपादक महोदय,

2012 मध्ये कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिले येते. कौतुक होते, पेढे वाटले जातात. अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी मात्र ते गुण कुणी विचारत नाही. खुल्या प्रवर्गाला ठरलेल्या विषयांत 45 टक्के पुरतात, पुढची गुणवत्ता यादी सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीने वा मागे आहेत त्यावर, लागते.

आणि सीईटीचे नावाजलेले क्लास कुठे? रत्नागिरी, चिपळुणात. राजापूरच्या आतल्या गावातली मुलगी पहाटेची एसटी पकडते, मांडीवर जर्नल ठेवून त्यावर एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, सोडवते. पावसात रस्ता बंद झाला की क्लास बुडाला. दोन वर्षे नेमाने केलेला तिचा अभ्यास एका बैठकीच्या पेपरापुढे शून्य ठरतो, हे मला पटत नाही.

2013 ते 2016 या काळात जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीत बारावीला 40 टक्के वजन होते. वेगवेगळ्या मंडळांचे गुण पर्सेंटाइल काढून एका पातळीवर आणले जात. 2017 पासून ते बंद झाले. राज्याने सीईटीत बारावीला निदान थोडा वाटा द्यावा. कॉपीची भीती असेल तर केंद्रांवर कडक पहारा ठेवा. प्रामाणिक मुलांचे गुण का पुसता?

– एक शिक्षक, राजापूर