पोळपाटाखालचे चार इंच

प्रिय डॉक्टरताई,

तुम्ही माझ्या पाठीला हात लावायच्या आधी माझ्या पोळपाटाला टेप लावलीत.

डोंबिवली स्टेशनवरून घरी जाताना तुम्ही आमच्या पोळी-भाजी केंद्रावर थांबायचात. दहा पोळ्या आणि जी सुकी भाजी उरली असेल ती. दीड वर्षात आपलं बोलणं ‘सुट्टे आहेत का’ याच्या पुढे गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही पिशवी घेतलीत आणि निघाला नाहीत. म्हणालात, “काकू, राग मानू नका, पण मी रोज बघते. सगळा भार तुम्ही उजव्या पायावर देता आणि सारखा कमरेवर हात ठेवता. दिवसाचे किती तास उभ्या असता?”

मी मनात मोजले. सकाळी सहा ते दीड, संध्याकाळी पाच ते नऊ. साडेअकरा तास. बारा वर्षांत हा हिशेब मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कधी मांडला नव्हता.

हे सगळं फोनवर सांगून मोकळी झाले असते. पण मी पैसे विचारले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “बरं वाटलं की उभ्यानं काम करणाऱ्या बायकांना सांगा, तीच माझी फी.” म्हणून हे पत्र उघडं लिहितेय. फी चुकती करायला मला आठ महिने लागले, कारण खरंच बरं वाटेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुम्ही भेटण्याआधीची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला तुकड्या-तुकड्यांत सांगितलंय. सकाळी ठीक असायचं. दहाच्या सुमाराला कंबर भरून यायची, बारापर्यंत ठणका लागायचा. रात्री कूस बदलताना अशी कळ यायची की आधी गादीची कड धरायची, मग वळायचं. बाम, शेक, निर्गुडीचा पाला, मेडिकलमधल्या गोळ्या, सगळं झालं. कमरेचा पट्टा तर मी साडीच्या आत रोज बांधायचे. एका ठिकाणी एमआरआय काढला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून सांगितलं, “गादी सरकलीय. वाकू नका, उचलू नका, हा धंदा बंद करा.” मी रिक्षात बसून रडले. धंदा बंद करून खायचं काय, हा प्रश्न होताच, पण त्याहून जास्त भीती वाटली ती आपलं शरीर मोडलंय या विचाराची. त्यानंतर मी खाली पडलेलं लाटणं उचलायलाही घाबरू लागले.

तुम्ही मात्र आधी प्रश्न विचारलेत. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून पडद्यामागे आलात आणि हळू आवाजात एकेक विचारलंत. लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय का? मांड्यांच्या मधे, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का? पाय लुळा पडतो का, पाऊल उचलताना घसटतं का? ताप, कारण नसताना वजन उतरणं, पडझड, पूर्वी कॅन्सर, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं? मी सगळ्याला नाही म्हटलं. तेव्हा तुम्ही सांगितलंत की यातलं एकही ‘हो’ असतं तर तुम्ही मला व्यायाम सांगितलाच नसता, तज्ज्ञ डॉक्टरांकडे धाडलं असतं, आणि पहिल्या तीन गोष्टींसाठी तर त्याच रात्री हॉस्पिटलात. हे मी इथे मुद्दाम लिहितेय. आम्ही बायका लाजेपोटी असल्या गोष्टी बोलत नाही, आणि तेवढ्यात उशीर होतो.

मग ब्लाऊज शिवणाऱ्याकडे असते तसली टेप तुम्ही पर्समधून काढलीत. मला सरळ उभं केलंत, कोपर काटकोनात वाकवायला लावलंत. कोपर ते जमीन मोजलं, मग पोळपाट ते जमीन. पोळपाट कोपराच्या नऊ इंच खाली होता. मी पाच फूट सहा इंच उंच, ओटा मात्र सगळ्या ओट्यांसारखा बेतलेला. म्हणजे प्रत्येक पोळीला मी कमरेतून थोडी वाकत होते. थोडीच, म्हणून कधी जाणवलं नाही. पण दिवसाला दीडशे पोळ्या एकटीच्या हातच्या, आणि बारा वर्षं.

तुम्ही म्हणालात, लाटण्यासारख्या कामाला पोळपाट कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. कणीक तिंबायला मात्र जागा त्याहून खालीच बरी, कारण तिथे अंगाचा भार घालावा लागतो. ओटा फोडायची गरज नव्हती. सुताराकडून चार इंच उंचीची लाकडी पेटी करून घेतली, खाली रबर ठोकलं म्हणजे सरकणार नाही, आणि तिच्यावर पोळपाट ठेवला. परात होती तिथेच राहिली. पहिल्या दिवशी हात परका वाटला, पोळ्या वाकड्या झाल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दहा वाजून गेलेत आणि मी अजून कमरेवर हात ठेवलेला नाही.

आमच्याकडे एक जण चार फूट दहा इंचाची आहे. तिला माझी पेटी दिली असती तर तिचे खांदे कानाला लागले असते. तिच्यासाठी तुम्ही उलट केलंत, पायाखाली रुंद फळी दिलीत. चौघींना एकच उंची लावायची आणि मग जिची पाठ दुखेल तिला नाजूक म्हणायचं, हे आम्ही इतकी वर्षं करत होतो.

उंचीचं गणित मला पटकन पटलं. उभं राहण्याचं पटायला वेळ लागला, कारण मला वाटायचं चालणंही उभ्यानंच होतं, मग फरक काय? त्याचं उत्तर आमच्यातल्या वारकरी बाईनंच दिलं. ती दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जाते. म्हणाली, “वारीत दिवसभर चालते, पाय सुजतात, फोड येतात, पण कंबर अशी दुखत नाही. इथं चार तास उभी राहिले की दुखते.” तुमचा चेहरा तेव्हा उजळला होता, ताई! म्हणालात, “यांनी माझं अर्धं काम केलं.” चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, एका जागी थांबलं की ते ढकलणं मंदावतं, रक्त पायात साठतं, पाय जड होतात. पाठीचे स्नायू मात्र तोल धरण्यासाठी न हलता ताणून राहतात आणि थकतात. मणक्यांमधल्या चकत्यांना, म्हणजे त्याच गाद्यांना, मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, त्यांचं पोषण आजूबाजूनं झिरपून होतं, आणि त्याला हालचालीची मदत होते. चाललेली कंबर आणि थिजलेली कंबर यांत एवढा फरक असतो हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं.

त्यावर तुम्ही जो उपाय केलात त्याचं मला आधी वाईट वाटलं होतं. मी माझं स्वयंपाकघर असं लावलं होतं की पीठ, तेल, डबे, फॉइल, सगळं हाताच्या अंतरावर. पाय हलवायला नको, वेळ वाचतो, याचा मला अभिमान होता. तुम्ही पिठाचा डबा उचललात आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलात. “वीस पोळ्या झाल्या की तिथपर्यंत जायचं.” आणि तवा माझ्या उजव्या अंगाला जरा मागे होता, तो पुढे आणलात, कारण पाय रोवून कमरेतून पिळा देत मी दर पोळीला तिकडे वळत होते. काय जवळ हवं आणि काय लांब, हे तुम्ही पाठीच्या बाजूनं ठरवलंत, मी घड्याळाच्या बाजूनं ठरवलं होतं. दिवसाअखेर पोळ्या कमी झाल्या नाहीत, हे मी मोजून सांगते.

विटेचंही सांगायला हवं. ओट्याखाली कापडात गुंडाळलेली एक वीट ठेवायला सांगितलीत. एक पाय विटेवर, दुसरा जमिनीवर, थोड्या थोड्या वेळानं बदलायचा. पाय जरा वर गेला की कमरेच्या आतून मांडीला जाणारा स्नायू सैल पडतो आणि कमरेचा आत गेलेला बाक कमी होतो. म्हणालात, “विठोबा दोन्ही पाय जोडून विटेवर उभा आहे, ते त्याला शोभतं. आपण एकच पाय ठेवायचा.” आमची वारकरी बाई त्या विटेला पाय लावायच्या आधी अजूनही हात जोडते.

मी अन्नाजवळ चप्पल घालत नाही, थंड कडाप्प्यावर अनवाणी उभी असते, हे कळल्यावर तुम्ही मला टोकलं नाहीत. फक्त विचारलंत की स्वयंपाकघराबाहेर कधीच न जाणारी, मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली वेगळी जोडी चालेल का? चालली. खाली जाड रबरी मॅटही घेतली, कडा उतरत्या असलेली, म्हणजे ठेच लागत नाही.

व्यायाम तुम्ही चारच दिलेत आणि कामातच बसवलेत. पोळी तव्यावर असताना दहा वेळा टाचा उचलणं. डबा भरून झाला की कमरेवर हात ठेवून पाच वेळा हळूच मागे झुकणं. दुपारी जमिनीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवून दहा मिनिटं पडणं. आणि रात्री झोपण्याआधी गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. शेवटचं मी महिनाभर टाळलं, तुम्हाला खोटं सांगितलं की करते. आज कबूल करते.

पट्ट्यावरून आपलं थोडं वाजलं होतं. तो काढायला मी तयार नव्हते. तेव्हा तुम्ही सांगितलंत की जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत व्यायाम आणि माहिती देण्यावर भर आहे, आणि कमरेचे पट्टे सर्रास वापरू नयेत असं म्हटलंय. एमआरआयच्या फिल्मबद्दलही तुम्ही समजावलंत. २०१५ साली छापलेल्या एका आढाव्यात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा पन्नाशीतल्या माणसांतही साधारण ६० टक्के लोकांची चकती फुगलेली दिसली होती. “केस पांढरे होतात तसं हे. फिल्ममध्ये जे दिसतं तेच दुखतं असं नाही.” ताई, त्या एका वाक्यानं माझं जेवढं दुखणं गेलं तेवढं गोळ्यांनी गेलं नव्हतं. मी वाकायला लागले. लाटणं उचलायला लागले. पट्टा आधी दुपारी सोडला, मग आठवड्यातून चार दिवस, मग कायमचा.

आता स्टुलाबद्दल. हे लिहिताना मला जड जातंय. तुम्ही मला उंच स्टूल आणायला सांगितलंत, कधी टेकून, कधी बसून काम करायला. मी एक आणलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, बघितलंत आणि विचारलंत, “आणि बाकीच्या तिघी?” मी गप्प झाले. कारण याच तोंडानं मी त्यांना म्हटलं होतं, “बसून कुठं काम होतं का?” माझी पाठ दुखत होती तेव्हा त्यांचीही दुखत असणार, हे मला दिसलं नव्हतं, आणि त्या बोलल्या नाहीत कारण पगार मी देते.

तेव्हाच तुम्ही केरळबद्दल सांगितलंत. कोझिकोडच्या बाजारपेठेत विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. दिवसभर साड्या दाखवणाऱ्या मुलींना गिऱ्हाईक नसतानाही बसायची मुभा नव्हती. त्या लढल्या, आणि २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केली. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच कलम ४४ होतं, की उभ्यानं काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय हवी. आमचं केंद्र म्हणजे काही कारखाना नाही. पण आईच्या वयाची बाई नऊ तास माझ्यासमोर उभी असताना मला कायद्याची वाट बघायची काय गरज होती? त्याच आठवड्यात आणखी तीन स्टुलं आली. भाजी निवडणं, कांदा चिरणं, डबे भरणं आता बसून होतं. लाटणं उभ्यानं. दर दोन तासांनी जागा बदलतात. एका जुन्या गिऱ्हाईकानं म्हटलं, “आता सगळ्या आरामात!” मी म्हटलं, “हो, आणि पोळी तशीच मऊ आहे ना?” त्यावर तेही हसले.

दुखणं पूर्ण गेलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. पहिले दोन आठवडे काही फरक नव्हता, उलट पायांत नव्या जागी दुखलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री सलग झोप लागली. होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी होत्या, दोन दिवस पंधरा-पंधरा तास गेले आणि कंबर पुन्हा धरली. पण या वेळी मी घाबरले नाही. शेक घेतला, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पडले, दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू चालून आले. चार दिवसांत सुटली. पूर्वी तीन आठवडे लागायचे.

तुमची बदली झाली आणि निरोप घ्यायला आलात, तेव्हा गर्दी होती. मी दहा पोळ्यांचे पैसे घेतले नाहीत, एवढंच केलं, आणि बोलायचं राहून गेलं. तुम्ही थकून घरी जात होतात, तुमच्या हॉस्पिटलात दिवसभर माणसं तपासून झाली होती, तरी काउंटरच्या पलीकडची एक बाई कशी उभी आहे हे तुम्ही बघितलंत, आणि बघून तिथेच थांबलात. त्याबद्दल मनापासून आभार.

सोमवारी एक नवी मुलगी कामाला लागली. तुम्ही विसरलेली टेप खिळ्याला अडकवलेली असते. तिला लाटणं हातात द्यायच्या आधी कोपर वाकवायला सांगितलं आणि मोजलं. तिला दोन इंचांची फळी लागली.

तुमची,
डोंबिवलीची पोळी-भाजीवाली काकू