खाणीचा शेअर मी का घेतला

संपादक साहेब, नमस्कार.

मी चाकणला ई-स्कूटरच्या मोटरी जोडायच्या लाइनवर काम करतो. एप्रिल 2025 मध्ये चीनने रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातूंच्या मॅग्नेटच्या एक्स्पोर्टवर लायसन्स लावलं आणि बोटाच्या पेराएवढ्या त्या चपट्या तुकड्यासाठी आमचं काम अडलं, तेव्हापासून मी हे धातू देणाऱ्या खाणींबद्दल मिळेल ते वाचतोय. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाण चालवणाऱ्या एमपी मटेरियल्स कंपनीत थोडे पैसे पण घातलेत. कारण सांगतो. नुसती खाण असून भागत नाही, हीच खाण आधी मॉलिकॉर्प कंपनीकडे होती, भाव पडले, कर्ज डोक्यावर, आणि 2015 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आता फरक हा की जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एमपीत 40 कोटी डॉलर घालायचं ठरवलं आणि निओडिमियम-प्रासिओडिमियमला, म्हणजे मॅग्नेटमधल्या मुख्य रेअर अर्थ धातूंना, 10 वर्षं किलोमागे 110 डॉलर हमीभाव दिला. हमीभाव म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही! वर मॅग्नेटचा कारखानाही टेक्सासात एमपीचाच.

पण जमिनीत धातू सापडल्याचा नुसता ड्रिलिंगचा रिपोर्ट दाखवून शेअर गळ्यात मारणाऱ्या टेलिग्राम ग्रुपवाल्यांचं कृपा करून ऐकू नका, धातू वेगळा करायचा प्लांट कुठाय आणि माल घेणार कोण, हे आधी विचारा.

– एक वाचक, चाकण