आधी पंखा बदला

वीजबिल वाढले की एसी-फ्रिजकडे बोट जाते; पंख्याकडे कुणी पाहतच नाही. जुना ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट जातात. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे जेमतेम ११ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढचा दर बराच चढा आहे. त्यामुळे १२० युनिटवाल्या घराने दोन पंखे बदलले तरी फरक चांगलाच जाणवेल. मात्र भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून पंखा थेट स्विचला जोडायलाच हवा. रेग्युलेटर मध्ये राहिला तर पंख्यातले सर्किट जळू शकते, हे वायरमनला आधीच बजावा. सेट-टॉप बॉक्सही रिमोटने नव्हे, बटणाने बंद करा. १० वॉटचा बॉक्स दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला ७ युनिट खातो.

– एक वीजग्राहक, सांगली