कुंपणातलं हरीण मोजायचं का?

श्रॉपशर, इंग्लंड, २४ नोव्हेंबर

प्रिय दिनू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "मी चांदोलीत जंगल राखतो आणि तू तिकडे हरणं मारायचा दाखला घेतोस, आपण एकाच गावचे ना?" हे तुझं वाक्य मला लागलं. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो, मग गेल्या मंगळवारचं.

इथे वाघ नाही, बिबट्या नाही, कोळसुंदा नाही. लांडगे कित्येक शतकांपूर्वीच संपवले. हरणं मात्र सहा जातींची आहेत. त्यांतली रेड आणि रो एवढीच मूळची, बाकीची माणसाने आणलेली. फॅलो नॉर्मन लोकांनी आणली. मंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या बड्या वाड्याच्या आवारातून रानात पसरला. खाणारं कुणी नाही, त्यामुळे संख्या वाढते आणि कोवळं झाड उभं राहत नाही. मी ज्या रानात कामाला आहे तिथे ओकची रोपं हाताने लावतो. पंधरा दिवसांनी जावं तर सगळ्यांचे शेंडे खुडलेले. कुणीतरी हरणं कमी करायलाच हवीत, आणि ज्याने करायची त्याला ते काम नीट यायला हवं. त्यासाठी हा दाखला, डीएससी म्हणजे 'डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट' म्हणतात त्याला.

पहिली पायरी परीक्षेची: जाती ओळखा, कायदा सांगा, बंदूक सांभाळा, निशाण्यावर गोळी मारून दाखवा. ती मी पार केली. दुसरी पायरी रानातली. एक अनुभवी साक्षीदार सोबत असतो. त्याच्यासमोर तीन हरणांचा माग काढायचा, जवळ जायचं, मारायचं की नाही हे ठरवायचं, मारल्यावर पोट उघडून कोठा-आतडी काढायची, आतल्या लसिका गाठी तपासून मांस खाण्याजोगं आहे का ते सांगायचं.

या महिन्याच्या सुरुवातीपासून रो माद्यांचा हंगाम उघडला. मी चार पहाटा गेलो आणि चारही वेळा रिकाम्या हाताने परतलो. एकदा तर मादी साठ पावलांवर होती. तेवढ्यात मानेवर गार झुळूक आली, वारा फिरला होता. कुत्रा भुंकावा तसा एक आवाज, शेपटीकडचा पांढरा ठिपका, आणि समोर नुसतं नेचं हलताना. मला आबा आठवले. बंधाऱ्यावर भेकराच्या खुरांमागे जाताना ते दर वीस पावलांवर चिमूटभर माती उडवून बघायचे, आणि आपण बोललो की टपली मारायचे. इथले लोक त्याचसाठी टाल्कम पावडरची छोटी बाटली बाळगतात.

मग साक्षीदारांचा फोन आला. एका इस्टेटीच्या भिंतीच्या आवारात फॅलो माद्या कमी करायच्या आहेत, चल, एका दिवसात तुझी तिन्ही होतील. माणूस भला आहे. चार रिकाम्या पहाटांनंतर माझ्या मनाचा विचार करूनच त्यांनी बोलावलं होतं. मी गेलो.

दिनू, आमची गाडी फाटकातून आत शिरली आणि हरणं तिच्याकडे आली. रोज तशाच गाडीतून त्यांना खुराक येतो. मी उतरलो, तिकाटण्यावर बंदूक टेकवली. मागे मातीचा चढ होता, म्हणजे गोळी कुठे जाईल ही चिंता नव्हती. हाडं दिसणारी एक म्हातारी मादी निवडली. ती कान पुढे करून माझ्याकडे बघत होती. गोळी बरोबर लागली, चार पावलं टाकून ती पडली. बाकीची तीसेक पावलं पळाली, थांबली, वळून बघितलं आणि चरायला लागली.

पोट उघडलं, फुप्फुसं, यकृत, गाठी, सगळं बघितलं. हात स्थिर होते. साक्षीदारांनी खिशातून कागद काढला आणि मी म्हणालो, हे मोजू नका.

परतताना दीड तास आम्ही यावरच बोललो. आवारातलं हरीणही दाखल्यात धरावं, हे त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. लंडनचं रिचमंड पार्क घे. पहिल्या चार्ल्सने १६३७ मध्ये भिंत घातली, आजही आत सहाशेच्या वर हरणं आहेत, आणि नोव्हेंबरात नि फेब्रुवारीत त्यांची संख्या कमी करताना रात्री फाटकं बंद ठेवतात. दिवसा जिथे पोरंबाळं फिरतात तिथे एकही गोळी चुकता कामा नये. ते काम माझ्या कामापेक्षा सोपं नाही हे मी मान्य केलं. ते म्हणाले, शहरातल्या पोराला रान कोण देणार? त्याच्याकडे ना जमीन, ना जमीनदाराची ओळख. हे मला जास्त टोचलं, कारण पाच वर्षांपूर्वी तो पोरगा मीच होतो. पण त्याचा इलाज रानमालकांनी दारं उघडण्यात आहे. दाखला सोपा करून त्याला अर्धीच विद्या दिली, तर भोगणार कोण? पोटात गोळी लागून झुडपात शिरलेलं हरीण.

कायद्यानेही हा फरक केलेलाच आहे. रानातलं हरीण जिवंत असेपर्यंत कुणाच्याच मालकीचं नसतं, आवारातलं मालकाचं असतं. इंजिन चालू असलेल्या गाडीतून रानातल्या हरणावर गोळी झाडणं इंग्लंडात गुन्हा आहे. हरणं कायम ठेवलेल्या कुंपणाच्या जागेत मात्र, ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी असेल तर चालतं. दोन कामं वेगळी आहेत हे १९९१ चा डिअर अ‍ॅक्ट मानतो, मग दाखल्याने का मानू नये?

"मग कुंपण किती एकरांचं झालं म्हणजे रान म्हणायचं?" असं त्यांनी विचारलं. स्कॉटलंडात डोंगरच्या डोंगर कुंपणात आहेत आणि तिथली हरणं माणूस मैलावर दिसला तरी नाहीशी होतात, हे खरं आहे. मी म्हटलं, एकर मोजू नका. माणूस दिसल्यावर हरीण येतं की जातं, तेवढं बघा. जातं, तर ते मोजा. येतं, तर पोट साफ करणं आणि मांस तपासणं तेवढं खुशाल धरा, कारण आतून दोन्ही हरणं सारखीच असतात. पण माग काढण्याच्या रकान्यात त्याचं नाव नको, कारण मी माग काढलाच नाही. त्या म्हातारीला पळून जायची संधी मी द्यायला हवी होती असं नाही म्हणत. तिला मारणं गरजेचं होतं आणि तिला वेदना झाल्या नाहीत, याचं मला समाधान आहे. पण तिच्याकडून मी काहीच शिकलो नाही. त्या चार पहाटांच्या हरणांनी मला खूप शिकवलं, आणि त्यांतलं एकही माझ्या कागदावर नाही.

ते बराच वेळ गप्प होते. माझ्या दारात गाडी थांबवली तेव्हा म्हणाले, "पुढच्या आठवड्यात गुरुवारी पहाटे पाचला, लार्चच्या रानाशी."

म्हणजे परवा. तीनपैकी तीन अजून बाकी आहेत. वारा उत्तरेचा राहिला तर ओढ्यातून वर चढायचं ठरवलंय. आबांचे गुडघे कसे आहेत ते कळव. आणि त्यांना विचार, दव पडलेल्या सकाळी माती ओली असते तेव्हा ते वारा कसा बघायचे? मला ते कितीही केलं तरी आठवत नाहीये.

तुझा,
अरुण