स्क्रीन आली, वेळ कुठे आहे?

संपादक महोदय,

केंद्राच्या 'पोषण भी पढाई भी'मधून अंगणवाडी सेविकांना पूर्वप्राथमिक शिक्षणाचे प्रशिक्षण मिळते. 'सक्षम अंगणवाडी'तून एलईडी स्क्रीनही मिळते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांची मुले शालेय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतली, हे चांगलेच झाले.

मी सातपूरच्या कामगार वस्तीत अंगणवाडी चालवून निवृत्त झाले. आमची पोरं चिंचोके मोजत, बडबडगीतं म्हणत शिकली. स्क्रीनवाचून कुणाचं अडलं नाही. अडायचं ते वेळेचं. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर हजेरी, वजन-उंची, खिचडीचं वाटप, गरोदर बायांच्या गृहभेटी. नेटवर्क गेलं की फोन उंच धरून दारात उभं राहायचं आणि आत पोरांचा गोंधळ! निवडणूक आली की मतदारयादीचं कामही सेविकांच्याच गळ्यात. (प्रशिक्षणात याचा तास मात्र नसतो.)

ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेलं सेविकेचं मानधन महिन्याला ४,५०० रुपये झालं. त्यानंतर राज्याने भर घातली, हे मान्य. पण या योजनांच्या निधीतून आधी नोंदींसाठी वेगळा माणूस द्या. सकाळचे पहिले दोन तास सेविकेच्या हातात मोबाइल नको, मुलं असू द्या. स्क्रीन नंतर लावता येईल.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, सातपूर, नाशिक