भावाला समजावून झालं, आता औषध द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवते. माझा धाकटा भाऊ मालवाहू गाडी चालवायचा. सोयाबीनची पोती उतरवताना त्याची कंबर धरली, डॉक्टरांनी पाच दिवसांचं ट्रॅमाडॉल लिहून दिलं. त्या गोळ्या तो पुढे दोन वर्षं घेत राहिला. शेवटी शेवटी दिवसाला दोन पट्ट्या लागायच्या. एकदा अंगणातच फिट आली, तेव्हा घरात कळलं. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातलं औषध आहे आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, हे विज्ञानाची शिक्षिका असून मला त्याआधी माहीत नव्हतं.

आम्ही त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. गोळी पहिल्याच दिवशी बंद झाली. दीड महिना प्रार्थना, गटचर्चा आणि समुपदेशन. तिथले लोक मायेचे होते, समुपदेशकही मनापासून बोलायचे. घरी आल्यावर अकराव्या दिवशी त्याने पुन्हा गोळी घेतली. मी रागावले तेव्हा म्हणाला, "ताई, मले सारं समजते. पन आंग आयकत नाही."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शोधनिबंध वाचायला बसले. प्रश्न एकच होता. अफूवर्गातल्या पदार्थांचं, म्हणजे अफू, हेरॉईन किंवा ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांचं व्यसन लागलेल्या मोठ्या माणसाला बोलण्याच्या उपचारांनी नेमका किती फायदा होतो? जे हाती लागलं ते आपल्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

पहिला अभ्यास स्वीडनमधला, २००३ सालचा. हेरॉईनचं व्यसन असलेली ४० माणसं, २०-२० चे दोन गट. दोन्ही गटांना वर्षभर सारखंच, भरपूर समुपदेशन: गटातही आणि दर आठवड्याला एकट्याशीही. फरक एवढाच की एका गटाला रोज ब्युप्रेनॉर्फिन दिलं. हे जिभेखाली विरघळणारं औषध तलफ आणि अंगदुखी शमवतं, पण नशा चढू देत नाही. दुसऱ्या गटाचं हे औषध सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. वर्ष संपलं तेव्हा औषधाच्या गटातले ७५ टक्के लोक उपचारात टिकून होते. खोट्या गोळीच्या गटातला एकही टिकला नव्हता, आणि त्या २० जणांतले चार दगावले होते. औषधाच्या गटात मृत्यू नाही. हा आकडा वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आम्ही भावाला ज्या गटात टाकलं होतं, त्याच गटातली ती चार माणसं होती.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०११ सालचा, आणि तो माझ्या भावासारख्यांचाच आहे: दुखण्याच्या गोळ्यांच्या आहारी गेलेले ६५३ जण. आधी थोडे दिवस ब्युप्रेनॉर्फिन देऊन ते हळूहळू बंद केलं, तेव्हा यश मिळालं फक्त ६.६ टक्क्यांना. मग ज्यांना जमलं नव्हतं त्यांच्यातल्या ३६० जणांना तेच औषध १२ आठवडे सलग दिलं, तर निम्मे, ४९.२ टक्के, सावरले. औषध पुन्हा बंद केल्यावर आठ आठवड्यांनी तो आकडा ८.६ टक्क्यांवर आला. काही जणांना डॉक्टरांच्या भेटींखेरीज वेगळं व्यसन-समुपदेशनही मिळत होतं; त्याने निकालात फरक पडला नाही. मात्र डॉक्टर प्रत्येकाशी नियमित बसून बोलत होते, हेही इथे सांगायला हवं. कोणाशीच कोणी बोललं नाही, असं त्या अभ्यासात नव्हतं.

वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये असे ३५ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष तोच: नेहमीच्या भेटीगाठींसह औषध चालू असताना वरून ठरावीक मानसोपचाराची जोड दिल्याने लोक जास्त टिकतात असं दिसत नाही. औषधाशिवाय नुसत्या बोलण्याच्या उपचारांवर विसंबावं, एवढा पुरावा त्यांना २००५ च्या आढाव्यातही मिळाला नव्हता. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, घाटंजी-पांढरकवड्याकडचा एकही नाही. तरी शरीर सगळीकडे सारखंच. काही आठवडे गोळी सुटली की सोसण्याची ताकद उतरते, आणि मग जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो. केंद्रातून 'बरा' होऊन घरी आलेल्या माणसाला हा धोका असतो, आणि तो आम्हाला कोणीच सांगितला नव्हता.

मंत्रिमहोदय, बोलण्याला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. आम्ही गाडगेबाबांच्या आणि तुकडोजी महाराजांच्या मुलखातले लोक. कीर्तनाने, खंजिरीवरच्या भजनाने माणसं दारू सोडतात हे आमच्या आजोबांनी पाहिलं आहे. शेजारच्या वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. व्यसन म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे दारू आणि खर्राच येतो, आणि उपाय म्हटला की समजावणं. दारूच्या बाबतीत त्याला आधारही आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी ३७७ पुरुषांच्या अभ्यासात थोड्या भेटींचं समुपदेशन दिलं. तीन महिन्यांनी ३६ टक्के सावरले होते, नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण तिथे दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, तेही गावातल्याच कार्यकर्त्यांच्या जोरावर. म्हणजे गावात, आपल्या बोलीत बोलणारी माणसं तयार करता येतात, हे विदर्भानेच दाखवलं आहे. पण दारूवर चाललेला उपाय अफूच्या गोळीवर जसाच्या तसा लावला जातो, आणि तिथेच आमची माणसं मरणाच्या तोंडाशी जातात.

भाऊ आता ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. दहा महिने झाले. तो पुन्हा गाडी चालवतो, रात्री झोपतो, मुलीला शाळेत सोडतो. पण हे औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, ठरलेल्या केंद्रांतच मिळतं. एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ते दिलं जातं ते सुई टोचून घेणाऱ्यांना, आणि तो सुई घेत नव्हता. म्हणून आम्हाला नागपूर गाठावं लागतं. पहाटेची एसटी धरायची आणि रात्री परत यायचं, दिवसाची कमाई बुडवून. कापूस वेचणाऱ्या बाईला हे झेपणार नाही. आणि कंबर तर तिचीही दुखते.

दिल्लीच्या एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गातल्या पदार्थांच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि असे लोक जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. काही सरकारी रुग्णालयांत एम्सच्या मदतीने हे उपचार मिळतातही. तेच ग्रामीण रुग्णालयात आणा. तिथल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि एका परिचारिकेला शिकवा. प्रत्येक केंद्राला बंधनकारक करा की अफूवर्गाचा रुग्ण आला तर गोळी एकदम बंद करून त्याला नुसता ठेवून घ्यायचा नाही, औषधाशी जोडून द्यायचा. आणि घरी सोडताना जुन्या मात्रेचा धोका नातेवाइकांना मराठीत, समोर बसवून सांगायचा. समुपदेशन जरूर असावं, पण ज्याला बोलायचं नाही त्याचं औषध अडवू नये. माझा भाऊ पहिले तीन महिने कोणाशीच बोलला नाही. अंग शांत झाल्यावर आपणहून बोलायला लागला, आणि मग ते बोलणं त्याच्या कामी आलं.

आणखी एक. हे सुरू कराल तेव्हा नोंदी ठेवा. किती आले, किती टिकले, किती गेले. आशाताईंनी घरी जाऊन बोलल्याने फरक पडतो का, हे दोन तालुक्यांत तपासून बघा आणि जे निघेल ते जाहीर करा, नाही पडला तरीही. पुढच्या सुट्टीत कुणाची तरी बहीण असं वाचायला बसेल, तेव्हा तिला स्वीडनपर्यंत जावं लागू नये.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. त्या दिवसांत आम्ही दोघंही औषध घ्यायला नागपूरला येणार आहोत. आपण वेळ दिलात तर माझी वही आणि माझा भाऊ, दोघांनाही सोबत आणेन. तो बोलायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ