पूर्वेस नाला

महोदय,

दिवाणी दावे रखडले की खापर न्यायाधीशांच्या रिकाम्या जागांवर फुटतं. ते खोटं नाही, पण दाव्याचा कागद कसा लिहिला जातो, हेही कोणी पाहावं.

यवतमाळ जिल्ह्यात माझं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. शेजाऱ्याने धुरा (दोन वावरांमधला बांध) कोरत कोरत कपाशीची चार तासं (ओळी) आत घेतली, म्हणून दावा टाकला. वादपत्र निघालं तेवीस पानांचं. चतुःसीमेत लिहिलं, 'पूर्वेस नाला'. माझ्या पूर्वेला ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन आहे. नाला कोणाच्या तरी जुन्या दाव्यातून वाहत आला! तो बुजवायला दुरुस्तीचा अर्ज आणि तीन तारखा गेल्या. समोरून लेखी जबाब आला, 'परिच्छेद १ ते १९ मधील मजकूर खोटा असून मान्य नाही.' परिच्छेद २ मध्ये त्याचंच नाव-गाव होतं.

अमरावतीला वकिली शिकणाऱ्या भाच्याने बाहेरच्या देशांचं सांगितलं. इंग्लंडात दाव्याचा किंवा जबाबाचा कागद पंचवीस पानांवर गेला तर सोबत सारांश जोडावा लागतो. (आमचा दावा दोन पानांनी वाचला असता.) अमेरिकेत २००७ आणि २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून दाव्यातल्या हकिकती पटण्याजोग्या नसतील, तर तो दारातूनच परत जाऊ शकतो. भाच्याला हे फार आवडलं. मला नाही. समोरच्याच्या पेटीतले कागद मागायची सोय तिथे सहसा दार ओलांडल्यावर मिळते. ज्याच्याजवळ कागदच नाही, त्याने दारात काय दाखवावं?

मला पटली ती जर्मनी. तिथल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३८ म्हणतं, खरं आणि पूर्ण सांगा. जे स्वतः केलं किंवा डोळ्यांनी पाहिलं, त्याबद्दल 'माहीत नाही' म्हणायची मुभा नाही. धुरा कोरणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

आपली १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिताही काही कमी नाही. आदेश ६ म्हणतो, महत्त्वाच्या हकिकती थोडक्यात लिहा. आदेश ८ प्रमाणे सरसकट नकार चालत नाही. नेमकं नाकारलं नाही, ते मान्य धरता येतं. आणि आदेश १० प्रमाणे पहिल्याच सुनावणीत न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना विचारायचं असतं, यातलं काय कबूल, काय नाकबूल. तेवढं विचारलं असतं तर एकोणीस परिच्छेदांतून फक्त धुरा उरला असता.

आमच्या दाव्यात अजून कोणी विचारलेलं नाही. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.

— एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ